निःपक्षपाती जीभ

कृष्णकांत ढगे सरांनी वर्ध्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या बत्तीस वर्षांत कुणाला अर्धा मार्कही जास्तीचा दिला नाही. सख्खा भाचा स्वप्निल नववीत दोन मार्कांनी राहत होता, त्याला त्यांनी राहू दिलं. त्यावर बहीण दोन वर्षं भाऊबीजेला आली नाही. सरांना वाईट वाटलं, पण दोन मार्कांपेक्षा जास्त नाही.

असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या निःपक्षपातीपणाला घरात काही काम उरत नाही. भाजीवालीचा काटा बरोबर आहे की नाही, कॉलनीतल्या क्रिकेटमध्ये कोण धावबाद झालं, नमिताताईंच्या दोन मालिकांपैकी कमी वाईट कोणती, असे किरकोळ निकाल सर देत असत. ते कुणी मागितलेले नसत. त्यामुळे जानेवारीतल्या एका सकाळी दोन अनोळखी माणसं फाटक उघडून आत आली आणि "निष्पक्ष मानूस इथंच राह्यते का जी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सरांनी उत्तर द्यायच्या आधी शर्टाची वरची गुंडी लावली.

दोघंही आंजीचे, भाजीपाला पिकवणारे. उंच होते ते डोमाजी, ठेंगणे ते माणिकराव. ठेंगण्यांच्या हातात टोपली होती आणि टोपलीत काटेरी देठाची, तुकतुकीत, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी वांगी.

"आमच्या गावात दरसाल भरताची स्पर्धा राह्यते," डोमाजींनी सुरुवात केली. "मागच्या साली जे परीक्षक आलते, ते सकाळी याच्या घरी जेवले. अन् दुपारी पैला नंबर कोनाले? याच्याच बायकोले. वच्छलाबाईले."

"आता मानूस जेवला तर मी काय करू?" माणिकराव म्हणाले.

"माही गोपिका दुसरी आली. तवापासून तिनं वच्छलाबाईचं तोंड पाह्यलं नाई."

"एवढ्यावर भागलं असतं जी," माणिकराव म्हणाले, "पन याची खुशी अन् माहा सुमीत, यायचं लग्न ठरलं होतं. साखरपुड्याची साडी बी आनली होती. गोपिकावयनी म्हने, जिथं न्याव नाई तिथं माही पोरगी जात नाई. आमच्या घरची म्हने, माह्या भरताले नावं ठेवते तिची पोरगी माह्या चुलीपाशी नको. झालं. वर्स झालं साडी पेटीत पडून."

भरताच्या एका नंबरावरून लग्न मोडू शकतं, हे सरांना नवल वाटलं नाही. भूमितीच्या एका रेघेवरून मोडलेली मैत्री त्यांनी पाहिली होती. त्यांनी विचारलं, "मग या वर्षी काय ठरलंय?"

"दोघी म्हन्ते, एकडाव खरा निकाल लागू द्या. हारलो तं हारलो. पन परीक्षक असा पाह्यजे जो कोनाचाच नाई. वर्ध्यात दहा जनाले विचारलं. दहाही जन म्हने, ढगे सर. त्यातल्या सहा जनायले तुम्ही नापास केलतं."

सरांना आयुष्यात इतकं सुंदर प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला, आणि होकार दिल्याबरोबर वांग्यांची टोपली परत केली. "परीक्षकाला भेट चालत नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून नमिताताईंनी त्या वांग्यांकडे जी नजर टाकली, ती माहेरून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवताना टाकतात तशी होती. दोन दिवस त्यांनी सरांना दुधी भोपळा खाऊ घातला. अगदी निःपक्षपातीपणे, दोन्ही वेळा.

त्या सकाळी जाता जाता माणिकरावांनी एक बारीकशी अट सांगितली होती. डोमाजींचा वरचा आणि माणिकरावांचा खालचा, अशा गावातल्या दोन्ही मोहल्ल्यांनी मिळून ठरवलं होतं की परीक्षकाने आपण निःपक्षपाती आहोत, असं कोर्टाच्या कागदावर लिहून आणायचं.

बातमी कॉलनीत पसरायला संध्याकाळ पुरली. शेजारचे महादेवराव, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, स्वतःचा चहाचा कप घेऊनच आले. त्यांनी एकदा केळझरला सुदृढ बालक स्पर्धेत परीक्षकाचं काम केलं होतं. "अकरा बाळं होती, ढगे," ते म्हणाले. "मी एकाला सुदृढ म्हटलं. म्हणजे दहांना काय म्हटलं, सांगा. चार वर्षं झाली, तिथल्या गणपतीच्या दर्शनाला जातो तर तोंडाला रुमाल बांधून जातो. माझं ऐका, सगळ्यांना सारखे मार्क द्या आणि बस पकडा."

"ते निःपक्षपाती होणार नाही. ते पळपुटं होईल."

"मग निदान उपाशी पोटी जा. भरलेल्या पोटाला चव कळत नाही." हा सल्ला सरांना शास्त्रीय वाटला आणि त्यांनी तो पाळला. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ तो सल्ला होता, पण ते महादेवरावांना अजूनही मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी सर प्रतिज्ञापत्र करायला गेले. कचेरीबाहेर लिंबाखाली कॉम्प्युटर घेऊन बसलेल्या टंकलेखकाने विचारलं, "कायचं आहे? उत्पन्नाचं, रहिवासी का नावात बदल?"

"निःपक्षपाती असल्याचं."

टंकलेखकाने यादी वर-खाली केली. "असा नमुना नाई आपल्यापाशी. 'व्यसन नसल्याबाबत' आहे. चालते का?"

चालत नव्हतं. मग सरांनी उभ्या उभ्या दीड पान मजकूर सांगितला. सगळं सुरळीत चाललं होतं, पण 'निः' पुढचे दोन ठिपके त्या कॉम्प्युटरला येत नव्हते. ठिपक्यांशिवाय शब्द लिहू द्यायला सर तयार नव्हते. टंकलेखक घामाघूम झाला, कळफलकावरचं सगळं दाबून झालं, आणि शेवटी कुठूनतरी दोन ठिपके उमटले. मात्र ते शब्दापासून थोडे फटकून उभे राहिले, नि : पक्षपाती, असे. मागे रांग वाढली होती. सर म्हणाले, असू दे. बत्तीस वर्षांत त्यांनी 'असू दे' म्हटल्याची ही पहिलीच वेळ. पुढे आत सही करणाऱ्या साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून सरांकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

शुक्रवारी डोमाजी पुन्हा आले. या वेळी एकटेच. पाण्याचा पेला हातात धरून हळूच म्हणाले, "सर, एक विनंती होती. आमच्या घरचीले नंबर देऊ नका."

सरांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "देऊ नका?"

"ते जिंकली तं वर्सभर वच्छलाबाईले टोमने मारन. मंग कायचं लग्न न् कायचं काय? वच्छलाबाईले द्या. आमची रडन दोन दिवस, मंग गप बसन."

"डोमाजी, द्रोणावर फक्त आकडा असतो. कोणाचा कुठला, मला कळणारही नाही. आणि कळलं तरी मी ते करणार नाही."

डोमाजी मान खाली घालून गेले. तासाभराने फाटक पुन्हा वाजलं. माणिकराव होते. त्यांनी चप्पल काढायच्या आधीच हात जोडले. "सर, आमच्या वच्छलाले यंदा पाडा. पाया पडतो तुमच्या. ते दुसऱ्यानं जिंकली तं गोपिकावयनी पोरगी देतच नाई."

सरांनी त्यांनाही तेच उत्तर दिलं आणि दार लावून घेतलं. आजवर लोक त्यांच्याकडे मार्क वाढवायला आले होते. कमी करायला कुणी येतं आणि तेही प्रेमापोटी, हे प्रकरण त्यांच्या नियमांत कुठेच बसत नव्हतं.

रविवारी सर सकाळच्या बसने निघाले. पोटात पाण्याचा एक पेला होता आणि खिशात प्रतिज्ञापत्र. आंजीला उतरले तेव्हा शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. डाव्या बाजूला वरचा मोहल्ला, उजव्या बाजूला खालचा, आणि मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. लांब टेबलावर पळसाच्या पानांचे एकवीस द्रोण मांडले होते. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या धुरात भाजलेल्या वांग्यांचा वास आला आणि सरांच्या रिकाम्या पोटाने एवढ्या मोठ्यानं हाक दिली की शेजारी उभ्या असलेल्या समितीच्या चिटणीसांनी, बंडूजींनी, विचारलं, "काही म्हनलं का सर?"

आधी प्रतिज्ञापत्र वाचायचं होतं. बंडूजींनी घसा साफ करून माइक हातात घेतला. ते सावकाश, एकेक शब्द तोलत वाचणारे गृहस्थ होते. "मी, कृष्णकांत ढगे, राहणार वर्धा, सत्य प्रतिज्ञेवर असे लिहून देतो की," असं वाचत ते पानाच्या तळाशी आले, "मी आजवरच्या आयुष्यात पूर्णपणे नी..." इथे पहिलं पान संपलं. बंडूजी थांबले, बोटाला थुंकी लावली, पान उलटलं, आणि दुसऱ्या पानावरचा पहिला शब्द त्यांनी खणखणीत आवाजात वाचला. "पक्षपाती इसम असून, यापुढेही तसाच राहीन."

सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ते उठून "अहो, ते मागचं नि, ते ठिपके..." असं काहीतरी म्हणू लागले, पण माइक बंडूजींच्या हातात होता. इतक्यात खालच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी सतरंजीवरून म्हणाली, "बरं झालं बाप्पा. पैला परीक्षक पाह्यला, जो खरं सांगून राह्यला." दोन्ही मोहल्ले एकदम हसले. वर्षभरात ते एकाच गोष्टीला हसल्याची ही पहिली वेळ होती, हे सरांना नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना फक्त जमीन दुभंगायला हवी होती.

मग परीक्षण सुरू झालं. पहिला द्रोण. सरांनी घास घेतला, डोळे मिटले, वहीत मार्क लिहिले. उत्तम. दुसरा त्याहून तिखट. तिसऱ्या द्रोणात तर करणारीने हिरव्या मिरच्या वांग्यांना सोबत म्हणून नव्हे, वांगी मिरच्यांना सोबत म्हणून घातली होती. उपाशी पोटात आग उतरली. सर रुमालाने डोळे पुसत पुढे सरकले. लोकांना वाटलं, भरीत आवडलं. पाचवा, सहावा, सातवा. आठव्याला नाक वाहू लागलं. नवव्या द्रोणातला घास त्यांनी तोंडात ठेवला आणि त्यांना काहीच कळलं नाही. तिखट नाही, मीठ नाही, वांगं नाही. तोंडात ओला कापूस असावा तसं वाटलं. जीभ मेली होती.

पेन कागदावर टेकवून सर उभे राहिले. समोर दोन मोहल्ले. पुढच्या रांगेत डावीकडे गोपिकाबाई, ताठ, पदर घट्ट खोचलेल्या. उजवीकडे वच्छलाबाई, तितक्याच ताठ. त्यांच्या मागे कुठेतरी खुशी आणि सुमीत, वेगवेगळ्या सतरंज्यांवर बसून एकाच वेळी नखं खात होते. आणि अजून बारा द्रोण बाकी होते. अंदाजाने सहा, सात, साडेसहा असे आकडे टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. बस साडेतीनची होती. सरांनी स्वतःशी कबूल केलं की हा विचार त्यांच्या मनात आला, आणि चांगलं अर्धं मिनिट राहिला.

मग त्यांनी बंडूजींच्या हातातून माइक घेतला. "मंडळी, मला चव कळणं बंद झालं आहे. नवव्या द्रोणापासून पुढे मी जे मार्क देईन ते खोटे असतील."

एकच गलका उठला. "पैले आठ वरच्या मोहल्ल्याचे होते काय?" कुणी ओरडलं. "आकडे बंडूजीनं टाकले, त्याले विचारा!" बंडूजी बिचारे आपण काहीच केलं नाही, हे सिद्ध करायला टेबलाखाली नावांच्या चिठ्ठ्यांचं बंद पाकीट शोधू लागले. गोपिकाबाई उभ्या राहिल्या. वच्छलाबाईही उभ्या राहिल्या. डोमाजी आणि माणिकरावांनी एकमेकांकडे पाहून डोळे मिटून घेतले.

"थांबा!" सर ओरडले. वर्गात ओरडत तसे. आवाज एवढा खरा होता की चाळिशीतली माणसंसुद्धा खाली बसली. "पेपर तपासताना मी दहा पेपर झाले की उठून तोंड धुवायचो. का, तर पहिल्याचा राग शेवटच्यावर निघू नये म्हणून. आज मी ते विसरलो. चूक माझी आहे. आतापर्यंतचे मार्क रद्द. मला ताक द्या, कोरडी भाकर द्या आणि एक तास द्या. मी पहिल्यापासून पुन्हा चाखतो. तीन द्रोण, मग ताक, मग पंधरा मिनिटं विश्रांती. पाच वाजो नाहीतर सहा."

"अन् बस?" बंडूजींनी विचारलं.

"जाऊ द्या बस."

सबंध आंजी त्या दुपारी एका माणसाची जीभ जागी व्हायची वाट बघत बसली. तीन द्रोण, ताक. तीन द्रोण, ताक. मध्येच लोक घरी जाऊन जनावरांना पाणी पाजून आले. नवव्या द्रोणाशी सर पुन्हा थांबले. सरांनी मान हलवली. चव कळत होती. ऊन कलून द्रोणांच्या सावल्या टेबलावरून खाली उतरल्या तेव्हा एकविसावा घास झाला. सरांनी बेरीज केली, पुन्हा केली, तिसऱ्यांदा उलटी केली.

"पहिला क्रमांक, द्रोण सतरा."

बंडूजींनी पाकीट फोडलं, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "नत्थू," ते म्हणाले. "पोस्टातला नत्थू?"

मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक वाळका म्हातारा दचकून उठला. पोस्टातून निवृत्त झालेला, बायको वारल्यावर एकटाच रांधून खाणारा नत्थू. "मले नंबर नको जी," तो घाबरून म्हणाला. "मी असाच ठेवला होता. पुसून टाका नाव."

दुसरा क्रमांक दोघींना विभागून होता. गोपिकाबाई आणि वच्छलाबाई, मार्क समान. पण तो कानावर पडेपर्यंत दोघी जागेवर राहिल्या नव्हत्या. त्या दोन बाजूंनी निघाल्या होत्या, टेबलापाशी पोहोचल्या, आणि दोघींच्या मध्ये द्रोण क्रमांक सतरा होता.

"बाप्या मानसाचं भरीत पैलं?" गोपिकाबाई कडाडल्या. "नियमात बसते काय?"

बंडूजींनी नियमावली चाळली. "'गावातील रहिवासी' एवढंच लिहून आहे."

"मास्तरले काही समजत नाई," वच्छलाबाई समोरच्या हवेला उद्देशून म्हणाल्या.

"तेच म्हन्तो मी," गोपिकाबाईंनीही हवेलाच उत्तर दिलं, आणि बोटाने थोडं भरीत उचलून तोंडात टाकलं. मग त्या बोलायच्या थांबल्या. वच्छलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आपणही बोट बुडवलं.

"यमुनेच्या हातचं आहे हे," गोपिकाबाई हळू म्हणाल्या. यमुना म्हणजे नत्थूची बायको.

"हो वो," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते असंच जवसाचं तेल टाके वरून. शेवटी. मीठ जरासं कमी आहे, पन तिचंच आहे."

नत्थू भिंतीपासूनच म्हणाला, "तीन वर्सं झाले, करून पाहून राह्यलो. आज जरासं जमलं म्हनून आनलं."

सरांनी वही मिटली. आपण सतराव्या द्रोणाला ते आकडे का दिले, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पोत, धूर, तेलाचं प्रमाण असं काही सांगितलं असतं. यमुनेचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त चाखलं होतं.

"मंग आपलं दोघीचं सारखंच होतं म्हना," वच्छलाबाई म्हणाल्या.

"सारखंच," गोपिकाबाई म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला, तो मिरचीमुळे लावल्यासारखा दाखवला, आणि पुढे म्हणाल्या, "साडी पेटीत ठेवली, तिले हवा लावली का नाई मधी, इहीनबाई? कसर लागते."

इहीनबाई. विहीणबाई. हा शब्द माइकवर नव्हता तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. माणिकराव जिथे होते तिथेच मटकन खाली बसले. डोमाजी त्यांना उठवायला गेले आणि त्यांच्याच बाजूला बसून राहिले. दोघांनी मिळून एक एवढा लांब सुस्कारा सोडला की बंडूजींची नियमावली उडाली, असं बंडूजी आजही सांगतात. मागे सुमीत खालच्या सतरंजीवरून उठून सरळ वरच्या सतरंजीवर जाऊन बसला आणि कुणी त्याला हटकलं नाही.

मग सगळे नत्थूभोवती जमले. नंबर घ्यायचा की नाही, यावर त्याची समजूत काढणं सुरू झालं. परीक्षकाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सर टेबलाच्या टोकाशी खुर्चीवर बसून राहिले. पोटात भट्टी होती, बस गेली होती, सही-शिक्क्याचा पक्षपाती कागद कुणाच्या तरी पायाखाली होता, आणि तरी त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. निकाल शेवटच्या द्रोणापर्यंत खरा होता आणि त्याच्यामुळे कुणाचं काही मोडलं नव्हतं. बत्तीस वर्षांत या दोन गोष्टी एकाच दिवशी क्वचितच घडल्या होत्या.

गोपिकाबाई गर्दीतून बाहेर आल्या. त्यांच्या हातात झाकलेली थाळी होती. "मास्तर, तुम्हाले समजत काही नाई," त्या म्हणाल्या, "पन जीभ बरी आहे. जेवून घ्या." मग त्यांनी माणिकरावांकडे बोट दाखवलं. "इवाई मोटारसायकलीनं सोडून देतीन वर्ध्याले."

सरांनी घाबरत झाकण काढलं. दहीभात होता. गार, पांढरा, मिरचीचं नावही नसलेला. सरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. गोपिकाबाई केव्हाच परत वळल्या होत्या. भात कसा झाला, हे सरांना कुणी विचारलं नाही.